पावणेतीन तास

मस्कतहून परत येऊन तीन आठवडे झाले. आमच्या वरसे गावात भेटेल तो विचारतो, कसं काय होतं मस्कत? मी सांगतो, जवळ होतं. लोक हसतात. निवृत्त मास्तर परदेशी जाऊन आला म्हणजे काहीतरी तिरकं बोलणारच, अशी त्यांची समजूत आहे, आणि ती मीच वर्षानुवर्षं मेहनतीने तयार केलेली आहे. पण हे मी गमतीने बोलत नाही. तिथे मी उघडेबोडके डोंगर पाहिले, आरशासारखे रस्ते पाहिले, सुरमईचा ढीग पाहिला. ते सगळं हळूहळू विसरेन. जे विसरता येणार नाही ते एवढंच, की ते जवळ आहे.

ज्यांनी हा प्रवास केलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ज्यांनी केला आहे त्यांना यात माझ्या अडाणीपणाखेरीज नवीन काही सापडणार नाही.

वरसे ते वडखळ नाका

नोकरीची माझी पहिली अकरा वर्षं डोलवीच्या पलीकडे, खाडीकाठच्या एका गावात गेली. तिथे मिठागरात काम करणारा धर्मा माझा मित्र झाला. मैत्रीचं कारण साधं होतं: त्याला गळाने जिताडा पकडता यायचा आणि मला तो खाता यायचा. त्याचा मुलगा महेश माझ्या हाताखाली शिकला, डोलवीच्या पोलादाच्या कंपनीत कंत्राटावर वेल्डर म्हणून लागला, आणि कंत्राट संपल्यावर मस्कतला गेला. आता तो तिथे सुपरवायझर आहे आणि बायकोला, स्नेहलला, त्याने नेलं आहे. यंदा तिला मुलगा झाला. स्नेहलला आई नाही. म्हणून बाळंतिणीचं करायला महेशच्या आईने, म्हणजे कमळावहिनींनी जायचं ठरलं.

महेशचा मला फोन आला. म्हणाला, "सर, आई एकटी विमानात बसणार नाय. आणि माझ्याशी तर ती बोलतच नाय. तुम्ही आणाल का तिला?"

ती बोलत नाही हे मला ठाऊक होतं. का बोलत नाही हेही ठाऊक होतं, निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

तीन वर्षांपूर्वी धर्मा पहाटे झोपेतच गेला. मी त्या रात्री योगायोगाने त्यांच्या गावातच मुक्कामाला होतो. आमच्याकडे माणूस गेलं की रडणं थोडं ओसरल्यावर पहिला प्रश्न असतो, वाट कोणाची बघायची? मुलगी अलिबागला असेल तर दोन तास, भाऊ पुण्याला असेल तर पाच. हा हिशोब गावातला एखादा शिकलेला माणूस करतो आणि मग सगळे त्याप्रमाणे थांबतात किंवा थांबत नाहीत. त्या गावात भरीला भरती-ओहोटी असते. स्मशान बांधाच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला आहे. भरतीला वाट पाण्याखाली जाते. त्या दिवशी सकाळी नऊपर्यंत वाट मोकळी होती, नंतर थेट संध्याकाळी पाचला मोकळी होणार होती.

धर्माचा धाकटा भाऊ जनू याने सहाच्या सुमाराला महेशला फोन करून बातमी दिली होती. आता बांधावर पंधरा-वीस माणसं उभी होती आणि ती सगळी माझ्याकडे बघत होती. गुरुजी, महेशला यायला किती लागेल? मी खिशातून फोन काढला, चष्मा लावला, तिकिटांचं पान उघडलं. मी भूगोल शिकवत असे. दुःखाच्या घरी उभा होतो, तरी सगळ्यांनी आपल्या शब्दाची वाट बघावी याचं एक बारीकसं सुख असतं, ते मी त्या वेळी उपभोगलं हे कबूल केलं पाहिजे. मी वाचलं आणि सांगितलं, "एकवीस तास." वर हेही सांगितलं, की मुंबईहून गावापर्यंतचे वेगळे.

एकवीस तास म्हणजे आजची संध्याकाळही हुकली. मग कशाला थांबायचं? नऊच्या आत सगळं आटपलं. जनूने अग्नी दिला. महेश दहाव्याला आला, चार दिवस राहिला आणि गेला. गावात बोललं गेलं की बाप गेला तरी पोरगा आला नाही. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण तेव्हापासून फोनवर त्या फक्त स्नेहलशी बोलतात.

असं असताना आम्ही निघालो. वरशाहून पहाटे पाचला गाडी केली. वडखळ नाक्यावर वहिनी उभ्या होत्या, आणि त्यांच्यामागे बारा फुटांचा फ्लेक्स. त्यावर 'सातासमुद्रापार परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा' असं लिहिलं होतं. आमचे दोघांचे फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे होते आणि शुभेच्छा देणाऱ्यांचा फोटो पुरुषभर. मुंबई आणि मस्कतच्या मध्ये एकच समुद्र आहे, तोही पुरता नाही, असं मी म्हणायला गेलो. पण तेवढ्यात मला शाल घातली, वहिनींना नारळ दिला आणि फोटो काढले. फोटोसाठी आम्हाला शाल आणि नारळ दोनदा घ्यावे लागले, कारण पहिल्या वेळी पुरुषभर फोटोचे मालक पोचले नव्हते.

पुढे नेहमीचा महामार्ग, जो आम्ही जन्मभर तयार होताना पाहत आलो आहोत. विमानतळावर पोचायला दहा वाजले. वरसे ते मुंबईचं विमानतळ, सत्कारासकट, पाच तास.

तपासणी

नारळ विमानतळावर ठेवून घेतला. शाल दोन्ही देशांनी जाऊ दिली.

वहिनींच्या मोठ्या बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, पेणचे पोह्याचे पापड आणि कडवे वाल होते. ती बॅग बिनबोभाट गेली. अडचण झाली ती हातातल्या पिशवीची. तपासणाऱ्या बाईंनी त्यातून एक फडक्याची पुरचुंडी काढली. आत करड्या रंगाचे खडे होते.

"ये क्या है?"

"मीठ हाय. चाखून बघ ना गो," वहिनी म्हणाल्या.

त्या बाईंनी चाखलं नाही. त्यांनी वरिष्ठांना बोलावलं, वरिष्ठांनी ते यंत्राखाली धरलं, पुसलं, पुन्हा धरलं. मी मध्ये पडून सांगायला लागलो की हे मिठागरातलं जाडं मीठ आहे, खाडीचं पाणी वाफ्यात आटवून करतात. मला गप्प बसायला सांगण्यात आलं. शेवटी वहिनींनीच कारण सांगितलं. नातवाची दृष्ट काढायला हवं. दुकानातलं मीठ त्याला चालत नाही. धर्माने शेवटच्या हंगामात ओढलेलं मीठ होतं ते, तीन वर्षं मडक्यात जपलेलं. वरिष्ठ अधिकारी बहुधा कोकणातलेच असावेत. त्यांनी पुरचुंडीची गाठ स्वतः बांधून परत दिली.

वर

वहिनी खिडकीशी बसल्या. विमान सुटताना त्यांनी माझा हात धरला नाही, पुरचुंडी धरली. सव्वा वाजला होता.

पुढच्या सीटच्या पाठीला एक पडदा होता. त्यावर नकाशा, नकाशावर एक चिमुकलं विमान, आणि खाली आकडे. नकाशा दिसला की मी माणसांकडे बघणं सोडतो, ही माझी जुनी खोड. अंतर दाखवलं होतं, सोळाशेला थोडे कमी किलोमीटर. वेग दाखवला होता. आणि लागणारा एकूण वेळ: दोन तास पंचेचाळीस मिनिटं.

मला वाटलं पडदा बिघडला आहे. आपल्याकडे एसटीच्या पाटीवरसुद्धा चुकीचं गाव असतं, तसंच काहीतरी.

जेवण आलं. भात, डाळ, आणि पनीर म्हणून जे देतात ते. वहिनींनी भात खाल्ला आणि बाकीचं माझ्या ताटलीत सरकवलं. आम्ही खात होतो तेवढ्यात पडद्यावरचं विमान समुद्राच्या मध्यावर आलं. मी मनात भागाकार केला. सोळाशे भागिले आठशे, त्यात चढायला-उतरायला थोडा वेळ. सातवीतलं पोर तोंडी करेल असा भागाकार. उत्तर पडद्यावर होतं तेच आलं.

मी तो पुन्हा एकदा केला.

तेहतीस वर्षं मी मुलांना नकाशावर दोरा ठेवून अंतर मोजायला शिकवलं. दोरा ताणायचा, खालच्या प्रमाणपट्टीवर धरायचा, किलोमीटर वाचायचे. मुंबई ते मस्कत हे अंतर तर मी परीक्षेतसुद्धा विचारलेलं आहे. आणि त्या सकाळी बांधावर मी दोरा धरला नव्हता, भागाकार केला नव्हता. मी तिकिटांचं पान उघडलं होतं, आणि आम्ही कोकणातली माणसं तिकीट म्हटलं की करतो तेच केलं होतं: सगळ्यात स्वस्त ते वर आणलं होतं. स्वस्त तिकीट भलत्याच एका देशात चौदा तास बसवून ठेवून मग पुढे नेणारं होतं. त्याचे एकवीस तास. मी किंमत पाहत होतो आणि तोंडाने अंतर सांगत होतो.

ताटल्या गोळा झाल्या. वैमानिकाने उतरायला लागल्याचं सांगितलं. मी घड्याळाकडे बघत राहिलो, जसं काही ते तरी माझी बाजू घेणार होतं. खाली पाणी संपलं आणि तांबूस, एकही झाड नसलेले डोंगर सुरू झाले.

"आलं?" वहिनींनी विचारलं.

"आलं."

"एवढ्यात?"

त्यांनी पुरचुंडी पुन्हा घट्ट धरली. त्या घाबरल्या असाव्यात, असं मी धरून चाललो. माझी दुसऱ्यांबद्दलची अनुमानं त्या दिवशी काही फार भरवशाची नव्हती.

तिथली घड्याळं आपल्या दीड तास मागे आहेत. सव्वाला निघून अडीचला पोचलो. दोन देशांच्या घड्याळांच्या हिशोबाने प्रवास सव्वा तासाचा झाला. वरशाहून नागोठण्याला जाऊन यायला एवढा लागतो.

महेशचं घर

महेश विमानतळाच्या दाराशी उभा होता. अंगाने भरला आहे, कपाळ मागे गेलं आहे, हसणं अगदी धर्माचं. तो आईच्या पाया पडला. वहिनींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण कोणा पाहुण्याच्या मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा, आणि उचललाही लगेच. गाडीत त्या मागे बसल्या. रस्ता इतका गुळगुळीत होता की सवय नसल्याने मला मळमळायला लागलं. आमच्या पोटांना खड्ड्यांचा आधार असतो.

मस्कत बुटकं आणि पांढरं आहे. उंच इमारती जवळपास नाहीतच, घरं सगळी पांढरी किंवा वाळूच्या रंगाची. घराला निळा, पोपटी, जांभळा असे तीन रंग द्यायची आणि वर स्वतःचं नाव लिहायची हौस तिथे कोणाला दिसत नाही. मला तो गाव एकदम आवडला.

वहिनींनी घरात पाऊल टाकलं ते थेट बाळाकडे. अर्ध्या तासात त्यांनी स्नेहलचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मीठ कुठलं वापरतेस गो, म्हणून पाकीट काढायला लावलं, दोन बोटांत घेतलं आणि "हा पावडर हाय" असा निकाल दिला. बाळाला तेल लावणं, शेक, अळिवाची खीर, सगळं त्यांच्या हातून होत होतं. महेशशी मात्र एक शब्द नाही. त्याच्यासमोर उभ्या राहून त्या स्नेहलला म्हणायच्या, "त्याला सांग, जेवायला बस." आणि तो स्नेहलने सांगायची वाट बघायचा, मग बसायचा. तीस-बत्तीस माणसं हाताखाली असलेला माणूस.

मी दोन दिवस ते बघत होतो आणि आपलं ताट खाली मान घालून संपवत होतो. तोंडापर्यंत गोष्ट यायची आणि मी पाणी प्यायचो.

सालिमकडे

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर महेश मला त्याच्याबरोबर काम करणाऱ्या सालिमकडे घेऊन गेला. सालिम मूळचा तिथला, पन्नाशीचा, पायघोळ पांढरा झगा आणि डोक्याला नक्षीची टोपी. हिंदी आमच्या नाक्यावरच्या माणसांपेक्षा चांगली. बैठकीच्या खोलीत गालिचा, भिंतीला टेकून उशा, मध्ये खजुराचं ताट आणि हलव्याचा वाडगा. त्याने कानाशिवायच्या एवढ्याशा कपात कॉफी ओतली. वेलचीचा वास, साखर नाही, रंग फिका. कप रिकामा झाला की तो पुन्हा भरत होता. आपल्याकडे पुरे म्हणायचं तर ताटावर हात आडवा धरतात, पण कपावर हात धरला तर त्याला ते कळेना. मी सहा कप प्यालो. कप बोटांत धरून थोडा हलवला म्हणजे पुरे, ही तिथली रीत. महेशने ती मला सांगितली नव्हती, आणि माझी फजिती तो शांतपणे बघत होता. शाळेतले काही हिशोब बाकी असावेत.

सालिमने विचारलं, तुमचं गाव इथून किती लांब? मी म्हणालो, मला वाटत होतं त्यापेक्षा फार जवळ. तो हसला. त्याचे आजोबा गलबताने आपल्या किनाऱ्याला तांदूळ आणायला यायचे म्हणे. वारा देईल तेवढे दिवस लागायचे. आता नाश्ता इथे आणि जेवण तिथे. मग महेशच्या खांद्यावर हात ठेवून तो हळू आवाजात म्हणाला, "उस दिन मैंने ही तो इसको एअरपोर्ट छोड़ा था. बेचारा बैठ नहीं पाया."

मी विचारलं, "कोणत्या दिवशी?"

महेशने मान खाली घातली. सालिमने माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि आपण काहीतरी उघडं केलं हे त्याच्या लक्षात आलं. म्हणाला, "जिस दिन इसके वालिद गुज़रे."

कप माझ्या हातात होता. तो हलवायचं मला सुचलं नाही. सालिमने सातव्यांदा भरला.

परतताना गाडीत महेशने सांगितलं, ते इथे त्याच्याच क्रमाने देतो. जनूकाकाचा फोन आला तेव्हा तिथे पहाटेचे साडेचार वाजले होते. साहेबाने फोनवरच रजा दिली. सालिमने गाडी काढली. तिथल्या सकाळी नऊच्या विमानात एक जागा मिळाली. ते आपल्याकडच्या दुपारी एकच्या सुमाराला उतरणार होतं. गाडी करून साडेचारपर्यंत गावात. भरतीचा हिशोब महेशला पाठ होता. मिठागरवाल्याचा पोरगा तो. पाचला वाट मोकळी होणार, तोवर मी पोचतो, असं सांगायला त्याने जनूकाकाला फोन लावला. दोनदा लावला. काकाचा फोन घरात होता, काका बांधावर. मग विमानात चढायच्या रांगेत उभा असताना काकाचा फोन आला: झालं सगळं, आता धावपळ करू नको, दहाव्याला ये.

"मग रांगेतून बाहेर आलो," महेश म्हणाला. "तिकीट दहाव्याचं करून घेतलं."

"आणि तू हे तीन वर्षं कोणाला सांगितलं नाहीस?"

त्याने समोर बघत गाडी चालवत म्हटलं, "गावी आलो तेव्हा कळलं की हिशोब तुम्ही केला होता. काय सांगणार, सर? तुमच्या शब्दावर गाव चालतं. बाबा पण तेच सांगायचे, गुरुजी बोलले म्हंजे बघायला नको. आता सांगून बाबा थोडेच येणार हायेत? आईला कळलं, की गाव थांबलं असतं तर जमलं असतं, तर ती जन्मभर तेच धरून बसेल. त्यापरीस माझ्यावर रागावलेली बरी. तुम्ही पण सांगू नका."

सत्काराच्या, भाषणाच्या, शालीच्या मोठेपणाला मी जन्मभर हसत आलो. त्या सगळ्यात जास्त किमतीचा सत्कार माझ्या एका विद्यार्थ्याने तीन वर्षं, आईच्या अबोल्याच्या बदल्यात, चालवला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. काय दिसलं ते आठवत नाही. प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने असं म्हणू नये, पण खरोखर आठवत नाही.

गॅलरीत

महेश शिफ्टला गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत गेलो. वहिनी बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. तिथल्या उन्हात कपडे बघता बघता वाळतात, यावर त्या सकाळपासून खूश होत्या.

"वहिनी, महेश विमानतळावर होता," मी म्हणालो.

त्यांचा हात थांबला नाही. "कवा?"

"धर्मा गेला त्या सकाळी. तिकीट काढून रांगेत उभा होता. संध्याकाळी पाचच्या आत गावात आला असता. मी एकवीस तास सांगितले ते चूक होतं. मी स्वस्तातलं तिकीट बघून बोललो. त्याला फोन करून विचारा, असंसुद्धा मला सुचलं नाही."

त्यांनी हातातल्या दुपट्याची पुरती घडी केली, ती वर ठेवली आणि दुसरं घेतलं नाही.

"मला विमानातच कळलं," त्या म्हणाल्या. "अर्धी भरती पन झाली नाय आनि आपन उतरलो. मी म्हटलं, एवढीशी वाट आनि माझा पोरगा आला नाय. बापापरीस ड्युटी मोठी झाली. तीन वरसं मी धरलं होतं की लांब हाय, तरी राग जात नव्हता. जवळ हाय बघितल्यावर तर तोंड बघवेना त्याचं."

"मला का नाही बोललात?"

"तुमाला काय बोलायचं? तुमी तर तेवा धावून मदत केलीत."

याच्यापेक्षा त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी दुपट्यांचा ढीग उचलला. मग विचारलं, "किती वरसं नकाशे शिकिवलेत, गुरुजी?"

"तेहतीस."

"हं," त्या म्हणाल्या. तेहतीस वर्षांत कोणा तपासनिसाने माझ्या कामावर इतका नेमका शेरा मारला नव्हता.

आत जाता जाता त्या वळल्या. "बांधावर बोलला होतात ना? सगळ्यांसमोर? मग तितंच जाऊन सांगा. माझ्या पोराला तितं बोल लागलाय."

दुपारी महेश आला, बूट काढले, हात धुतले आणि जेवणासाठी स्नेहलच्या हाकेची वाट बघत सोफ्याच्या कडेला बसला. वहिनी स्वयंपाकघरातून आल्या. त्यांच्या मुठीत काहीतरी होतं.

"महेश," त्या म्हणाल्या, "इकडं बस. तोंड दाराकडं कर."

तो बसला. जमिनीवर, मांडी घालून, शाळेत बसायचा तसा. त्यांनी मूठ त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत उतरवली, एकदा, दोनदा, तीनदा, पुटपुटत. मग आत जाऊन तापलेल्या तव्यावर मूठ उघडली. मीठ तडतडलं, मोहरी उडाली, मिरच्यांचा ठसका सगळ्या घरात भरला. बाळ रडायला लागलं. स्नेहल खोकत खिडक्या उघडत होती. महेश तसाच दाराकडे तोंड करून बसला होता, डोळे पुसत होता, आणि मिरचीचं निमित्त तिथे सगळ्यांनाच होतं.

बाळाची दृष्ट राहिलीच, असं मी म्हणालो. उरलंय मीठ, असं वहिनी म्हणाल्या.

बांधावर

वहिनी तीन महिने राहणार आहेत. मी एकटा परतलो. विमानात पडदा होता, मी तो लावला नाही.

वडखळ नाक्यावरचा फ्लेक्स अजून होता. एका बाजूने सुटून वाऱ्याने उलटा झाला होता, त्यामुळे शुभेच्छा देणाऱ्यांचं फक्त कपाळ दिसत होतं. रविवारी मी गावात गेलो. माणसं बांधावर बसली होती, नेहमीची. मस्कत कसं हाय, विचारणं झालं. मी उभा राहिलो. बसून सांगावं असं वाटलं नाही. जे झालं ते सांगितलं: एकवीस तास कुठून आले, खरे किती होते, महेश कुठे उभा होता, किती वाजता इथे पोचला असता. बोलायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

एकाने विडी पेटवायला काढली होती, ती परत खिशात ठेवली. जनू बांधाच्या टोकाला बसला होता. अग्नी त्याने दिला होता. तो खाडीकडे बघत होता.

"त्या दिवशी पाचला मी परत गेलो होतो स्मशानाकडं," तो म्हणाला. "विझलंय का बघायला. वाट कोरडी होती."